गोवा एक की दोन? किनारपट्टीच्या राज्याचा भूगोल, इतिहास आणि अर्थकारण एकत्र कसं वाचायचं



पेट पास झालात, कोर्सवर्क संपत आलं आणि सिनॉप्सिस लिहायला बसलात, की पहिला अडणारा प्रश्न बहुतेक वेळा अभ्यासक्षेत्राचा असतो. एक तालुका घ्यायचा, एक जिल्हा घ्यायचा की अख्खं राज्य? आपण नकाशावरची तयार रेघ उचलतो, कारण जनगणना, पाऊस, पीकपेरा हे सगळे आकडे त्याच रेघेत बसवून मिळतात. गाईडही सहसा हरकत घेत नाहीत. पण ती रेघ कोणी ओढली, कधी ओढली आणि कशासाठी ओढली, हे आपण विचारत नाही.

आज हाच प्रश्न एका राज्याला विचारून बघू. राज्य आहे गोवा. मी मूळचा विज्ञान शाखेचा, एम.एस्सी. भूगर्भशास्त्रात केलेलं, त्यामुळे इतिहासाकडे मी माती, पाणी आणि खडक यांच्या बाजूने येतो. नागपुरात बसून गोव्यावर लिहिण्याचं कारण शेवटी कळेलच.

सांगायचं आहे ते एवढंच: आज आपण ज्याला 'गोवा' म्हणतो ते राज्य दोन वेगळ्या काळात, दोनशेहून जास्त वर्षांच्या अंतराने जोडलेले दोन तुकडे आहेत. त्यांच्यामधली सीमा आजच्या नकाशावर छापलेली नसते. पण देवळं कुठे आहेत, जमीन कोणाच्या नावावर आहे, लोखंड कुठे निघतं आणि 1967 साली कोणी कुठे मत दिलं, हे बघायला गेलात की ती पुन्हा पुन्हा समोर येते. ती रेघ न बघता काढलेली गोव्याची 'सरासरी' फसवी असते.

आधी आकडे, पण जपून

गोव्याचं क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 14,58,545. त्यात हिंदू सुमारे 66 टक्के, ख्रिश्चन 25 टक्के आणि मुस्लिम 8 टक्क्यांच्या थोडे वर. हे आकडे बरोबर आहेत. पण ते सगळ्या गोव्यावर सारखे पसरलेले नाहीत. साष्टीतलं चित्र वेगळं, सत्तरीतलं त्याहून अगदी वेगळं.

किनाऱ्याची लांबी बघा. पाठ्यपुस्तकात गोव्याचा किनारा सुमारे 105 किलोमीटर लिहिलेला असतो, दुसरीकडे वेगळाच आकडा सापडतो. दोन्ही जण खोटं बोलत नसतात. किनारा वाकडातिकडा असतो, आणि मोजपट्टी जितकी बारीक तितकी लांबी वाढते. भारताच्या किनाऱ्याची जुनी अधिकृत लांबी 7,516 किलोमीटर होती, नव्या मोजणीत ती 11,098 किलोमीटर झाली. जमीन वाढली नाही, मोजायची पद्धत बदलली. त्यामुळे सिनॉप्सिसमध्ये असा आकडा टाकताना तो कोणत्या मोजणीतला आहे हे शेजारी लिहायची सवय आत्तापासून लावा.

जमीन: डोंगर, जांभा आणि खारं पाणी

पूर्वेला सह्याद्री, मध्ये जांभ्याची सडे-पठारं, पश्चिमेला नद्यांची मुखं आणि समुद्र. वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. मांडवी आणि जुवारी या दोन मोठ्या नद्या. मांडवी म्हणजेच म्हादई, ती कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात उगम पावते. या दोन नद्यांना कुंभारजुव्याचा कालवा जोडतो. दोन नद्या, हा कालवा आणि समुद्र यांच्या मधे जे बेट तयार झालं ते तिसवाडी. पणजी आणि जुनं गोवं दोन्ही याच बेटावर.

आपल्याकडे नदी एकाच दिशेने वाहते. गोव्यात तसं नाही. पावसाळ्यात घाटावरून गोडं पाणी जोरात येतं आणि समुद्राला मागे रेटतं. उन्हाळ्यात प्रवाह आटतो आणि भरतीबरोबर खारं पाणी नदीतून कितीतरी किलोमीटर आत शिरतं. रोज दोनदा भरती, दोनदा ओहोटी. अशा काठावर भात पिकवायचं असेल, तर आधी समुद्राशी काहीतरी व्यवस्था लावावी लागते. ती व्यवस्था म्हणजे खाजन.

खाजन: बांध, मानस आणि लिलाव

खाडीकाठची दलदलीची जमीन बांध घालून शेतीखाली आणली की तिला खाजन म्हणतात. बांध माती, जांभ्याचे दगड, पेंढा वापरून केलेला. आतलं शेत बरेचदा भरतीच्या पातळीपेक्षा खाली असतं. बांधात एका जागी लाकडी दारं बसवलेली असतात, त्याला मानस म्हणतात. भरती आली की बाहेरचं पाणी दारावर दाबतं आणि दार मिटतं. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. वीज लागत नाही, पंप लागत नाही. बांधाच्या आत पाणी साठायला आणि फिरायला एक खोलगट जागा ठेवतात, तिला पोंय म्हणतात. तिथे मासळी वाढते.

पहिल्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन जातं, मग खारं सोसणारं भात पेरायचं. कोरगूट हे त्यातलं सगळ्यात माहितीतलं वाण. भात निघालं की काही ठिकाणी खारं पाणी आत घेऊन मासळी, काही ठिकाणी मिठागरं. म्हणजे एकाच जमिनीच्या पट्ट्यातून भात, मासे आणि मीठ. आज गोव्यात खाजन जमीन सुमारे 18 हजार हेक्टर धरली जाते. आणि ही पद्धत पोर्तुगीजांनी आणलेली नाही. सहाव्या शतकाच्या आसपासच्या कोकण-मौर्यांच्या ताम्रपटात 'खज्जन' जमिनीचा उल्लेख येतो, म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या जवळजवळ हजार वर्षं आधी.

आता मुख्य गोष्ट. बांध एकट्या शेतकऱ्याचा नसतो. एका जागी फुटला की सगळ्या गावाचं शेत खारं होतं. त्यामुळे बांधाची देखभाल गावाने एकत्र करायची आणि खर्च गावाच्या उत्पन्नातून करायचा. हे काम करणारी संस्था म्हणजे गावकरी. इथे 'गावकरी' म्हणजे गावात राहणारा कोणीही नव्हे. मूळ वसाहत करणाऱ्या घराण्यांची, गावाच्या सामाईक जमिनीची मालक असलेली संस्था, असा त्याचा अर्थ. पोर्तुगीजांनी तिला पुढे कोमुनिदाद म्हटलं. ती जमीन आणि मानशीवरची मासेमारी लिलावाने देत असे. त्यातून बांध, देऊळ, गावची कामं आणि राजाचा सारा निघे, आणि उरलेलं गावकरांमध्ये वाटलं जाई.

'लिलाव' हा आपला रोजचा मराठी शब्द पोर्तुगीज 'लेलांव'वरून आला. मलेशियात लिलावाला 'लेलोंग' म्हणतात, तोही तिथूनच. एकाच शब्दाने अरबी समुद्र आणि मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही गाठली. गोव्यातल्या खाजनाचं महत्त्व कळायला आपल्यालाही थोडा वेळ तिकडे जावं लागेल.

1510 आणि 1511: एक सेनापती, दोन बंदरं

अफोन्सो द अल्बुकर्कने 25 नोव्हेंबर 1510 रोजी आदिलशहाकडून गोवा कायमचा घेतला. त्याच वर्षी आधी एकदा घेतला होता, पण काही महिन्यांत सोडावा लागला. दुसऱ्या वर्षी, ऑगस्ट 1511 मध्ये, त्यानेच मलाक्का घेतलं. तुलनात्मक अभ्यासाला याहून चांगली जोडी सापडणं कठीण: विजेता तोच, काळ तोच, उद्देशही तोच, म्हणजे समुद्री व्यापारावर ताबा.

मलाक्का त्या वेळी जगातल्या मोठ्या व्यापारी शहरांपैकी एक होतं. 1400 च्या सुमारास परमेश्वर नावाच्या राजाने वसवलेलं. दोन मोसमी वाऱ्यांच्या सांध्यावर असल्यामुळे पश्चिमेकडून आलेली जहाजं आणि चीनकडून आलेली जहाजं इथे वारा बदलेपर्यंत थांबत. गुजराती, तमिळ, जावानी, चिनी, अरब, सगळे तिथे. वेगवेगळ्या देशांच्या व्यापाऱ्यांसाठी सुलतानाने चार वेगळे शाहबंदर नेमले होते. तोमे पिरेश हा पोर्तुगीज औषधविक्रेता 1512 ते 1515 तिथे होता. मलाक्काच्या बंदरात 84 भाषा कानावर पडतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

पण मलाक्कात तांदूळ पिकत नव्हता, निदान पोट भरेल इतका नाही. तो जावा, सयाम आणि पेगूहून जहाजाने येई. पोर्तुगीजांच्या हाती किल्ला आणि बंदर आलं, मागची जमीन फारशी आली नाही. जोहोर आणि आचेच्या सुलतानांचे वेढे पडत राहिले. शेवटी डचांनी जोहोरच्या मदतीने ऑगस्ट 1640 पासून वेढा घातला. आत उपासमार आणि रोगराई सुरू झाली, आणि जानेवारी 1641 मध्ये मलाक्का पडलं. पोर्तुगीज तिथे 130 वर्षं टिकले. गोव्यात 451 वर्षं.

गोव्यालाही डचांनी नाकेबंदी केली होती, मांडवीच्या तोंडाशी त्यांची जहाजं उभी राहत. मग गोवा का पडला नाही? एक कारण म्हणजे बंदराबरोबर तिसवाडीची गावं मिळाली, सारा भरणारी, बांध सांभाळणारी, हिशेब ठेवणारी. 1526 मध्ये आफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने गावकरीच्या रूढी लेखी नोंदवून घेतल्या. तो दस्तऐवज 'फोराल' म्हणून ओळखला जातो. नवी राजवट जुन्या संस्थेवर बसली. 1543 मध्ये बारदेश आणि साष्टी कायमचे मिळाले आणि अशी गावं आणखी वाढली.

इथे थांबून एक आडवा पुरावाही बघायला हवा. गोव्याचा स्वतःचा तांदूळ गोव्याला पुरत नव्हता. दक्षिणेकडच्या कानडी किनाऱ्यावरून, बसरूर, होन्नावर, मंगळूर भागातून, तांदळाचे तांडे समुद्रमार्गे येत. शिवाय गोवा ही पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या सगळ्या राज्याची राजधानी होती, त्यामुळे आरमार इथेच. म्हणून 'खाजनामुळे गोवा टिकला' असं सरळ वाक्य मी लिहिणार नाही. मलाक्काकडे बंदर होतं, गोव्याकडे बंदर अधिक गावांची बांधलेली व्यवस्था होती, आणि ती टिकण्याच्या कारणांपैकी एक होती, एवढंच पुराव्यातून निघतं. थीसिसमध्ये असं एक कारण सापडलं की ते एकमेव कारण करायचा मोह होतो. परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतात.

जुन्या काबिजादी, नव्या काबिजादी

आता त्या न दिसणाऱ्या रेघेकडे येऊ. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी (आजचा मुरगाव तालुका साष्टीतच होता) हा सोळाव्या शतकात मिळालेला भाग. त्याला जुन्या काबिजादी म्हणतात. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण हे नव्या काबिजादींमध्ये येतात. तो भाग पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, साधारण 1763 ते 1788 या काळात, काही सौंदेकर राजाकडून, काही सावंतवाडीच्या भोसल्यांकडून. मधली दोनशे-सव्वादोनशे वर्षं या दोन तुकड्यांनी वेगवेगळ्या राज्यांत काढली.

त्या काळात काय झालं? जुन्या काबिजादीत 1540 पासून देवळं पाडली गेली, धर्मांतरं झाली, 1560 मध्ये इन्क्विझिशन आलं. लोकांनी देव उचलले आणि नदी ओलांडून पलीकडे नेले. पलीकडे म्हणजे फोंड्याकडे, आदिलशाही मुलखात. कुशस्थळीचा म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याजवळ. आज आपण गोव्याला जाऊन ज्या देवळांचं दर्शन घेतो त्यातली इतकी देवळं एकट्या फोंडा तालुक्यात का, याचं उत्तर हे आहे. फोंडा त्या वेळी गोव्यात नव्हताच, तो सीमेपलीकडचा मुलूख होता. पुढे मराठ्यांचा आधार मिळाला. शिवाजी महाराजांनी 1675 मध्ये फोंडा घेतला, आणि कवळ्याचं आजचं देऊळ शाहू महाराजांच्या काळात, 1738 च्या सुमाराला, उभं राहिलं.

नव्या काबिजादी मिळाल्या तोवर पोर्तुगालच बदललं होतं. धर्मांतराचा जोर ओसरला होता, 1812 मध्ये इन्क्विझिशन बंद झालं. नव्या प्रदेशातल्या लोकांचे धर्म आणि रूढी राखायचं वचन देऊन कारभार झाला, त्यांच्या रूढींची वेगळी संहिता केली गेली. तरी शांतता नव्हती. सत्तरीत राण्यांची बंडं होत राहिली, त्यातलं दीपाजी राण्यांचं 1852 चं बंड मोठं.

म्हणजे 'पोर्तुगीज गोवा साडेचारशे वर्षांचा' हे वाक्य तिसवाडीला लागू आहे. सत्तरीला ते लागू केलंत तर दोनशे-अडीचशे वर्षांची चूक होते.

मीठ गेलं, माणसं गेली

एकोणिसाव्या शतकात जुनं गोवं रोगराईने ओस पडलं होतं. 1843 मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजी झाली. व्यापार आटला होता. 1878 मध्ये पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यात करार झाला. त्याने जकातीची भिंत काढली, मुरगाव बंदर आणि घाटातून जाणारी रेल्वे उभी राहण्याचा रस्ता मोकळा केला, पण बदल्यात गोव्याच्या मीठ उत्पादनावर ब्रिटिशांचा ताबा आला. पोर्तुगीज सरकारला दरसाल 4 लाख रुपये भरपाई मिळे. रेल्वे 1888 मध्ये कॅसलरॉकपर्यंत पूर्ण झाली, करार 1892 मध्ये संपला.

त्या काळात जुन्या काबिजादीतली माणसं मोठ्या संख्येने मुंबईला गेली. स्वयंपाकी, वादक, कारकून, बोटीवरचे खलाशी. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गावागावांच्या कूड निघाल्या. कूड म्हणजे आपल्या गावच्या माणसाला स्वस्तात राहायला मिळणारी सामाईक खोली. गावकरीची सवय मुंबईच्या चाळीत पोहोचली, असं म्हणायला हरकत नाही. तिकडून पुढे आफ्रिका, आखात. पाठवलेल्या पैशावर चालणारी घरं हे या भागाच्या अर्थकारणाचं तेव्हापासूनचं लक्षण.

लोखंड: दुसऱ्या तुकड्याची संपत्ती

नव्या काबिजादीची संपत्ती जमिनीखाली होती. डिचोलीपासून सांग्याकडे, वायव्य-आग्नेय दिशेने, धारवाड काळातल्या पट्टेदार लोहखडकांचा पट्टा जातो. आपल्या गडचिरोलीतल्या सूरजागडचं लोखंडही अशाच पट्टेदार खडकातलं. गोव्यात कोट्यवधी वर्षांच्या पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली आणि वरच्या थरात लोह साचलं. खाणी डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथे. जुन्या काबिजादीत हा पट्टा जवळपास नाहीच.

निर्यात 1940 च्या दशकाच्या शेवटी किरकोळ सुरू झाली आणि 1950 च्या दशकात जपानच्या पोलाद कारखान्यांच्या मागणीने वाढली. पोर्तुगीज सरकारने खाणींचे कायमस्वरूपी परवाने वाटले. 1987 च्या कायद्याने त्यांचे खाणपट्टे झाले. 2000 नंतर चीनची मागणी आली, कमी प्रतीचा मालही खपू लागला आणि 2010-11 मध्ये निर्यात 5 कोटी टनांच्या वर गेली. मग शहा आयोगाचा अहवाल, 2012 मध्ये बंदी, 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांच्या मर्यादेसह परवानगी, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. मार्चमध्ये खाणी थांबल्या. ट्रक, बार्ज, गॅरेज, खाणावळी, सगळं एकदम उभं राहिलं. 2022 पासून नव्या ब्लॉकचे लिलाव सुरू झाले. तो शब्द पुन्हा आला, आता गाव लिलाव करत नाही, सरकार करतं.

पर्यटनाचा पट्टा मात्र मुख्यतः बारदेश आणि साष्टीच्या किनाऱ्याला. खाण बंद झाल्याचा फटका आणि पर्यटक कमी झाल्याचा फटका हे वेगवेगळ्या गावांना बसतात. राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या आकड्यात दोन्ही मिसळून जातात.

नदीत दोन्ही भेटतात

आता हे दोन तुकडे जोडून बघा. खनिज डोंगरातून निघतं आणि बार्जमधून मांडवी-जुवारीने मुरगावला जातं. बार्जच्या लाटा दोन्ही काठांच्या बांधांवर आपटतात, माती सुटते. खाणीचा गाळ पावसाबरोबर ओढ्यात, शेतात आणि नदीत येतो. त्याच वेळी बांध सांभाळणारी संस्थाही कमजोर झाली. 1964 च्या कूळ कायद्याने आणि पुढे 1976 च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमीन मिळाली, ते न्यायाचंच होतं. पण कोमुनिदादचं उत्पन्न गेलं आणि बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली. काही ठिकाणी त्या नीट चालल्या, काही ठिकाणी मासळीचा लिलाव भातापेक्षा जास्त पैसा देऊ लागला. बांध फुटला तर तो बुजवायची घाई राहिली नाही. काही बांध तर मुद्दाम फोडल्याच्या तक्रारी आहेत.

त्यात म्हादईचा वाद. लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42, महाराष्ट्राला 1.33 आणि गोव्याला 24 टीएमसी पाणी दिलं. बातम्यांत हे पिण्याच्या पाण्याचं भांडण म्हणून येतं. पण वर सांगितलं ते आठवा: उन्हाळ्यात खारं पाणी किती आत येईल हे वरून येणारं गोडं पाणी ठरवतं. वरचं पाणी कमी झालं तर खाऱ्या पाण्याची हद्द आत सरकते. घाटावरच्या धरणाचा परिणाम खाडीकाठच्या विहिरीत आणि शेतात मोजावा लागेल. ज्याला पीएच.डी.ला क्षारतेवर काम करायचं आहे, त्याच्यासाठी हा प्रश्न अजून पुरेसा उघडा आहे.

16 जानेवारी 1967

मराठी वाचकाला हा दिवस माहीत असतो. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, आणि पाच वर्षांनी महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं यावर जनमत कौल झाला. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने 1,72,191, विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170. फरक 34,021 मतांचा. आपल्याकडे याची चर्चा भाषेची, मराठी की कोकणी अशी होते. ती होतीच. पण मतांचा नकाशा पाहिलात तर साष्टीने विलीनीकरणाला जोरदार नकार दिला, आणि पेडणे, सत्तरी, डिचोलीकडे विलीनीकरणाची बाजू भारी होती. अठराव्या शतकातली रेघ मतपेटीत निघाली. 30 मे 1987 ला गोवा राज्य झालं, तेव्हा त्या दोन्ही तुकड्यांना एकच सरकार आणि एकच सरासरी मिळाली.

माझंच म्हणणं कुठे तुटतं?

ही रेघ सगळीकडे लागू होत नाही. पेडणे आणि काणकोण नव्या काबिजादीतले, पण दोन्ही किनाऱ्यावर. तिथे पर्यटन आहे, पेडण्यात मोपाला 2023 पासून नवा विमानतळही आहे. बारदेशात हिंदू वस्ती मोठी आहे. आणि जुन्या काबिजादीच्या अगदी मध्यावर, साष्टीतल्या रायतूरला, 1616 मध्ये फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, तेही मराठी ओवीत. म्हणजे 'जुनं ते ख्रिस्ती-कोकणी, नवं ते हिंदू-मराठी' असं सरसकट लिहिलंत तर एक चुकीची सरासरी टाकून दोन चुकीच्या सरासऱ्या घेतल्यासारखं होईल. रेघ हे गृहीतक आहे. ती कुठे लागू होते आणि कुठे नाही हे तपासणं, हेच तुमचं काम.

आता नागपूरकडे

हे सगळं गोव्याचंच आहे असं वाटत असेल तर आपल्या सिनॉप्सिसमधला 'विदर्भ' हा शब्द बघा. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं, नागपूरचं भोसल्यांचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं. दोन्हींचा कारभार 1903 पर्यंत वेगळा. वऱ्हाडात रयतवारी, नागपूरकडे मालगुजारी. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव ही खाजनासारखीच गावाने सांभाळलेली पाण्याची व्यवस्था होती. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ कोणी काढायचा हा प्रश्न उभा राहिला. गोव्यात बांधाचं जे झालं, ते इथे तलावाचं झालं.

2006 मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा. पाच जिल्हे वऱ्हाडातले, सहावा वर्धा जुन्या नागपूर प्रांतातला. जमीनमहसुलाची रेघ पाच ठिकाणी जुळते आणि वर्ध्यात तुटते, कारण तिथे काळी माती आणि कापूस आहे. इतिहासाची रेघ आणि मातीची रेघ जिथे एकमेकींवर बसत नाहीत, तिथेच संशोधनाचा खरा प्रश्न सापडतो.

म्हणून सिनॉप्सिस सबमिट करण्याआधी आपल्या अभ्यासक्षेत्राबद्दल चार गोष्टी एका कागदावर लिहून काढा:

1. ही सीमा कोणत्या साली ठरली आणि त्याआधी हा भाग कोणाकडे होता?
2. माती, पाणी, खडक यांची सीमा हिच्याशी जुळते का?
3. पाणी आणि जमीन सांभाळणारी जुनी संस्था कोणती होती, आणि तिच्या जागी आता कोण आहे?
4. या क्षेत्राची सरासरी काढली तर कोणाचं दुःख त्यात झाकलं जाईल?

चौथ्या प्रश्नाला पद्धतीच्या पुस्तकात जागा नसते. पण बांध फुटलेल्या शेतकऱ्याला आणि गाळ न काढलेल्या तलावाखालच्या धान उत्पादकाला तुमच्या थीसिसमधून काय मिळणार, हे त्याच्या उत्तरावर ठरतं. आपापल्या क्षेत्राची उत्तरं लिहून पाठवा, पुढच्या लेखात त्यातली दोन-तीन घेऊन नकाशावर मांडून बघू.